माई, आते, मावशी, वयनी आणि कुंदा

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी अकरावीत होते. आमचं घर सुर्ल्यात, खनिजाच्या रस्त्याला लागून. बाबा टिपर चालवायचे. खाण चालू होती तोवर दारावरून एकामागून एक ट्रक जायचे आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर तांबडी धूळ बसायची. भांड्यांवर, वह्यांवर, तुळशीच्या पानांवर, वाढलेल्या भातावरसुद्धा. आई सगळं तीनदा धुवायची. तांदूळ तीनदा, भाजी तीनदा, धुऊन पालथी घातलेली ताटं जेवायच्या आधी परत एकदा. "तांबडें पाणी निघता तोवर धू," हे मी मुळाक्षरांच्या आधी शिकले.

मग खाण थांबली. धूळ गेली आणि कामही गेलं. बाबा सोप्यावर बसून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायचे. आई डिचोलीच्या बाजारात भाजी घेऊन बसायला लागली. भावाने बारावी सोडली आणि एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला लागला. मला मात्र शिक्षण सोड असं कोणी म्हटलं नाही. आमच्या घरातलं कोणी त्याआधी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेले, आणि एम.एस्सी.ला वर्गात पहिली आले. ही गोष्ट मी कोणी विचारली नाही तरी सांगते.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच, की कुंदाचा मला इतका मत्सर का वाटायचा ते कळावं. ती चांगली नव्हती म्हणून नव्हे. तिला सगळं आपसूक यायचं आणि मला काहीच आपसूक आलेलं नव्हतं, म्हणून.

आमच्या प्रयोगशाळेत मेंदूतल्या एका जातीच्या पेशींवर काम चालायचं. मज्जातंतूभोवती चरबीची एक पट्टी तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये फटी ठेवून गुंडाळलेली असते, तिला मायलिन म्हणतात. ती असली की संदेश तंतूवरून झपाट्याने जातो. ही पट्टी गुंडाळणाऱ्या पेशी जन्मतः तयार नसतात. आधी त्या असतात पूर्वपेशी, दोन बाजूंना दोन शेपट्या असलेल्या, कुठेही सरकत जाणाऱ्या. त्यांना आजूबाजूच्या पेशींकडून रसायनांचे निरोप येत राहतात. त्या निरोपांवर ठरतं, की अजून दुप्पट व्हायचं की थांबून फांद्या फोडायच्या आणि कामाला लागायचं. हे निरोप कोणते, कधी येतात, चुकले तर काय होतं, हा आमचा विषय. पेशी आम्ही उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतून घेऊन बाटल्यांत वाढवत असू.

मी तिथे पीएच.डी.चं एक वर्ष काढल्यावर कुंदा आली. हळर्णची, पेडण्याकडची. पहिल्याच दिवशी पाऊण तास उशिरा. हातात बेकरीची कागदी पिशवी, तिच्यात गरम उंडे. ओळख होण्याआधीच तिने सगळ्यांना एकेक पाव वाटला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तूं खंयचें गे?"

"सुर्ल्याची."

"खाणीवयलें! मगे आंगार तांबडी माती कशी ना?"

सगळे हसले. तीही हसली, मोठ्याने, मान मागे टाकून. तिच्या मनात काही नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवशी घरी जाऊन मी अंगाला साबण लावला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ.

कुंदाचं राहणं सगळं असंच. वही ती ठेवायची नाही. हातमोज्यांचा रिकामा खोका फाडून त्याच्या पुठ्ठ्यावर लिहायची. पुठ्ठा मिळाला नाही तर मनगटावर. माझी पेनं घ्यायची आणि परत द्यायची नाही. अकरा वाजले की डब्यातली पेज आणि खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, काढून बसायची, आणि मी जेवणाचा डबा उघडला की त्यातही हात घालायची. कोणाच्या बहिणीचं लग्न मोडलं, कोणाचा गाईड कोणावर रागावला, सगळं तिला ठाऊक. संशोधनाचा लेख कोणाचा आहे ते तिला कधी आठवायचं नाही. "तो गे, ज्या लेखांत ताचें चित्र हिरवें आसा," असं सांगायची, आणि तो लेख नेमका सापडायचाही.

बाटल्यांना आम्ही आकडे द्यायचो. ती नावं द्यायची. माई, आते, मावशी, वयनी. "नंबर विसरतां गे, मावशीक कशें विसरतलें?" आमचे मार्गदर्शक सर आधी चिडले. महिन्याभराने तेच बैठकीत विचारायला लागले, "आते आज कशी आहे?" इतकी वर्षं मी तिथे होते, पण माझ्या सत्तावीस-ब बद्दल त्यांनी असं कधी विचारलं नाही.

पेशींना ज्या गुलाबी पाण्यात ठेवतात त्याला आम्ही माध्यम म्हणतो. साखर, क्षार, वाढीचे घटक असं सगळं त्यात. कुंदा त्याला पेज म्हणायची. "मावशीची पेज बदललीस?" आणि एकदा पेशी नव्या तबकडीत घातल्या की पहिले दोन दिवस ती तबकडी बाहेर काढायची नाही. मी माझ्या दिवसातून तीनदा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे.

"प्रेमा, घडये-घडये धांपण काडून पळयल्यार शीत शिजता काय?"

"मला नोंद ठेवायची असते."

"नोंद दवर. पूण तांकां रावूं दी."

एका बैठकीत सरांनी पडद्यावर एक चित्र लावलं आणि विचारलं, ही पेशी कुठल्या टप्प्यावर आहे. मी खुणेची प्रथिनं मोजायला लागले. कुंदा मागून म्हणाली, "एकजण तिका म्हणता वाड, दुसरो म्हणता राव. ती दोगांचेंय आयकता. दोन दिसांनी फांट्यो फुटतल्यो." दोन दिवसांनी फुटल्या. सर म्हणाले, "कुंदाचे हात चांगले आहेत." मी वर्गात पहिली आलेली मुलगी. आणि इथे हात मोजले जात होते.

एकदा तिचे वडील आले. धोतर, खांद्यावर पंचा, सोबत नाचण्याचं पोतं आणि केळीचा घड. शेतकरी माणूस, देवळात पखवाज वाजवणारा. कुंदाने त्यांना सरळ आत आणलं, स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घालायला लावला.

"कितें दिसता, आबा?"

"कोळ्यांची जाळीं."

"तीं तुज्या मेंदवांतूय आसात."

"म्हगेल्या? मगे काडून उडय!"

सर हसून हसून वाकले. माझे बाबा मला कितीदा तरी गेटपर्यंत सोडायला आले होते. आत चला म्हटलं तर चपलेकडे बघायचे आणि म्हणायचे, तिथे मोठी माणसं असतात. मी तो घड उचलायला कुंदाला मदत केली आणि माझ्या तबकड्यांकडे गेले.

माझं काम चालत नव्हतं. हे मी उशिरा सांगतेय, कारण अजूनही सांगायला जड जातं. बाटलीतून पूर्वपेशी सुट्या करेपर्यंत सगळं ठीक व्हायचं. नव्या तबकडीत घातल्या की चौथ्या-पाचव्या दिवशी त्या आक्रसायच्या, गोल व्हायच्या आणि तरंगायला लागायच्या. फांद्या फोडणारी एखादीच. शेजारच्या कपाटात, त्याच उष्णतेत, त्याच पिल्लांतून काढलेल्या कुंदाच्या पेशी मात्र झाडासारख्या पसरायच्या. मी रसायनं बदलली, तबकड्या बदलल्या, देवाला नारळसुद्धा बोलले. तिला विचारलं नाही. ती माझ्यानंतर आलेली. तिला कसं विचारायचं?

चौथ्या वर्षी माझं काम तपासणाऱ्या समितीने मला स्पष्ट सांगितलं. मार्चपर्यंत पेशी पक्व होताना दाखवता आल्या नाहीत तर नोंदणी पुढे चालू ठेवता येणार नाही. मी ते घरी सांगितलं नाही. आई बाजारातल्या बायकांना सांगत होती की माझी मुलगी डॉक्टर होणार, ती सुई टोचणारी नव्हे, त्याच्या वरची.

त्या वर्षीची चवथ. चवथीला गोव्यात कोणी कामावर राहत नाही. पण पेशींना चवथ नसते, त्यांना दिवसाआड पेज लागते. आमच्याकडे रीत अशी की ज्याचा गणपती लवकर जातो त्याने परत येऊन सगळ्यांच्या पेशी बघायच्या. आमचा दीड दिवसाचा. कुंदाचा पाच दिवसांचा, तोही चाळीस माणसांच्या घरात. म्हणून पाळी माझ्यावर आली.

तिच्या चार तबकड्या होत्या, मावशीतून काढलेल्या. त्यांच्या चित्रांवर तिचं बेंगळुरूच्या परिषदेतलं भाषण अवलंबून होतं. कपाटाच्या दारावर पुठ्ठा चिकटवलेला: "अर्धी पेज काड, अर्धी पोरणी तशीच दवर. धुवूं नाका. चड हालोवं नाका. तुका नेवऱ्यो हाडटां."

इमारतीत मी एकटी होते. दुपारचे बारा. पुठ्ठा मी दोनदा वाचला. मग तबकडी उचलली, जुनं पाणी सगळं काढून टाकलं, क्षारपाण्याने पेशी धुतल्या, एकदा, दोनदा, तीनदा, आणि वर नवं माध्यम घातलं. चारही तबकड्यांना. दोन दिवसांनी परत तसंच.

का केलं, ते मी स्वतःला तेव्हा असं सांगितलं. पेशी सुट्या करेपर्यंत त्या सीरमवर, म्हणजे जनावरांच्या रक्तातल्या निवळीवर, वाढवलेल्या असतात, आणि सीरमचा थेंब जरी मागे राहिला तरी पूर्वपेशी भलत्याच वळणाने जातात, हे पुस्तकातच आहे. म्हणजे धुणं बरोबर, कुंदा आळशी. मी तिचं काम नीट करून देतेय. हे सगळं खरं वाटण्यासारखं होतं. पण त्याच्या खाली दुसरंही होतं. बिघडल्या तर बिघडू देत, एकदा तिच्याही बिघडू देत, असंही माझ्या मनात होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

ती परत आली ती नेवऱ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचा, डबा घेऊनच. डबा माझ्या हातात दिला, केस बांधले, पहिली तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. मी एक नेवरी तोंडात घातली.

चारही तबकड्या बघून झाल्यावर ती म्हणाली, "धुतलीं तुवें."

"सीरम राहिलं असेल म्हणून."

"कितल्या फावटीं?"

"तीन."

"दर खेपे?"

"हो."

आता ही ओरडणार, म्हणून मी उभी राहिले. ती माझ्याकडे बघत होती, पण रागाने नव्हे. गणित सोडवताना माणूस जसं बघतो तसं.

"प्रेमा, तूं तुज्यो पेशीय अश्योच धुतां?"

"हो."

"आयल्या दिसासावन?"

"हो."

"अगे बाये!" ती एकदम उठली. "हांगा यो. पळय. हीं कोणाचीं?"

मी डोळा लावला. गोल झालेल्या, आक्रसलेल्या, निम्म्या तरंगणाऱ्या पेशी. तीन वर्षं मी रोज बघत होते त्याच. माझ्या वहीत अशी शंभर चित्रं होती.

"हीं तुजीं," ती म्हणाली. "म्हज्या मावशींतलीं, पूण तुजीं. रसायन वायट नाशिल्लें, पिलां वायट नाशिल्लीं. तुजो हात."

तेवढ्यात सर आले. बेंगळुरूची चित्रं कधी मिळतील, विचारलं.

"सर, मावशी बिगडली. परतून करतलें."

"कशी काय?"

"चवथीचें कितें सांगचें, सर."

एवढंच. माझं नाव तिने घेतलं नाही. परत पेशी काढून वाढवेपर्यंत परिषद होऊन गेली. तिच्या जागी दुसऱ्या प्रयोगशाळेतला कोणीतरी बोलला. मी एकदा कसंबसं म्हटलं, "कुंदा, माझ्यामुळे." तिने विषय मासळीवर नेला, "बेंगळुरांत म्हाका कितें, थंय नुस्तें बरें मेळना." ती माझ्यावर चिडली असती, सरांकडे गेली असती, तर मला बरं वाटलं असतं. मग आम्ही निदान सारख्या झालो असतो. आता तिचे हात तर चांगले होतेच, मनही माझ्याहून चांगलं निघालं. मला त्याचाही मत्सर वाटला. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या आठवड्यात तिने मला शेजारी बसवून दोन तबकड्या लावायला लावल्या. एक माझ्या पद्धतीची, एक तिच्या. पेशी तबकडीत घालताना मी दुसऱ्यांदा धुवायला पिपेट उचललं की ती माझं मनगट धरायची. "राव. एकदां पुरो." घाण मागे ठेवल्यासारखं वाटायचं. जुनं पाणी अर्धं तसंच ठेवायचं, हे मला जमतच नव्हतं. "तें घाण न्हय गे," ती म्हणायची. "तातूंत तांचें उलोवप आसा. एकमेकांक कितें कितें सांगल्लें आसता. तूं तें सगळें मोरींत ओतून येतां आनी मागीर विचारतां, उलयनात कित्याक."

सहाव्या दिवशी तिच्या पद्धतीच्या तबकडीत फांद्या फुटल्या. माझ्याच हाताने लावलेल्या पेशींना. मी खूप वेळ बघत राहिले आणि ती शेजारी बसून माझ्या डब्यातलं चवळीचं तोंडाक खात होती.

पण पुढची कल्पना माझी. हे ठासून सांगते, कारण कुंदाही तसंच सांगते. मी म्हटलं, धुतलेल्या पेशींना तेच जुनं पाणी परत दिलं तर? गाळून, पेशीविरहित? आम्ही तिसरी तबकडी लावली. तीनदा धुतलेली, आणि वर निरोगी पेशींचं जुनं पाणी अर्धं. ती तबकडी जगली. माझ्या धुण्याने जे वाहून जात होतं ते त्या पाण्यात होतं, आणि काय होतं ते आता शोधता येणार होतं. कुंदाने पुठ्ठ्यावर तारीख लिहिली आणि म्हणाली, "हें म्हाका केन्नाच सुचूंक नाशिल्लें. हांवें कोणाच्योच पेशी इतल्यो धुवूंक नात!" ती परत तशीच हसली, मान मागे टाकून. यावेळी मीही हसले.

मार्चमध्ये समितीला मी चित्रं दाखवली. नोंदणी राहिली. त्या पाण्यातले निरोप वेगळे करण्यात माझी पुढची दोन वर्षं गेली. त्यातला एक पेशींना जगवत होता, दुसरा घाईने पक्व होण्यापासून थोपवत होता, इथपर्यंत मी पोचले.

कुंदाने माझ्याआधी प्रबंध दिला. सगळ्यांना वाटलं ती परदेशी जाणार. सरांनी दोन ठिकाणी पत्रंही लिहिली होती. तिने पेडण्याच्या एका उच्च माध्यमिक शाळेत नोकरी धरली. घराजवळ, बसने वीस मिनिटं. मी तिच्यावर भडकले.

"मला कोणी बोलावलं असतं तर मी चालत गेले असते!"

"म्हूण तूं वच," ती म्हणाली. "म्हाका हांगाच बरें दिसता."

तिच्याकडे सोडून द्यायलाही काहीतरी होतं. माझ्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतं. तो मत्सर बहुतेक सगळ्यात मोठा.

माझ्या तोंडी परीक्षेचा दिवस ठरला तेव्हा तिला समक्ष सांगावं म्हणून मी पेडण्याला गेले. फोन केला असता तरी चाललं असतं. शाळेच्या लांब व्हरांड्यात तिचा अकरावीचा वर्ग उभा होता, एका रांगेत, खांद्याला खांदा लावून. चार-चार मुलांना मिळून एक ओढणी घट्ट गुंडाळलेली. दोन ओढण्यांच्या मध्ये एकेक मूल मोकळं. कुंदा ओरडत होती, "सैल सोडूं नाका! मायलिन तें, मफलर न्हय!" खेळ असा, की एका टोकाला टाळी वाजली की गुंडाळलेल्यांनी गप्प राहायचं आणि फक्त मोकळ्या मुलांनी ती पुढे द्यायची. टाळी रांगेवरून उड्या मारत गेली. मग ओढण्या सोडून तीच टाळी एकेकाच्या हातातून पाठवली, ती अर्ध्या वाटेवर रेंगाळली आणि हरवली. एक मुलगा म्हणाला, "टीचर, गुंडाळिल्लेंच बरें!" मी हेच समजावायला प्रबंधाची सहा पानं घालवली होती.

तिने मला बघितलं, पण रांग सोडून येता येईना. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडले, "शुक्रवारी!"

"कितें शुक्रवारीं?"

"वायवा!"

तिने दोन्ही हात वर केले आणि जोरात टाळी वाजवली. मुलांना वाटलं खेळ परत सुरू झाला. मोकळ्या मुलांनी टाळी घेतली आणि ती टप्पे घेत व्हरांड्याच्या टोकापर्यंत, माझ्या अगदी शेजारच्या मुलीपर्यंत आली. तिकडे कुंदा भिंतीला टेकून हसत होती. माझी बस आली होती. तिच्याशी नीट बोलणं झालंच नाही.

शुक्रवारी बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "जुन्या माध्यमाकडे तुमचं लक्ष गेलं कसं?" माझं उत्तर तयार होतं, लेखांचे संदर्भ देऊन. ते मी दिलं नाही. म्हटलं, "चवथीच्या सुट्टीत माझ्या सहकारी कुंदा यांच्या पेशी माझ्याकडे होत्या. धुवू नका असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी धुतल्या आणि त्या मेल्या. त्यांचं परिषदेतलं भाषण त्यामुळे गेलं. तिथून सुरुवात झाली."

सरांना हे पहिल्यांदाच कळत होतं. ते परीक्षकांकडे वळून म्हणाले, "पुढचा प्रश्न."

तासाभराने मला आत बोलावलं. प्रबंध मान्य झाल्याचं सांगितलं. सुर्ल्याच्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर होते. आता मी डॉक्टरेट मिळवली आहे.